‘क्लास’वाल्यांचा एक क्लास

“जातबीत आम्ही मानत नाही हो. आम्ही फक्त क्लास बघतो.”

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बसून मी हे वाक्य ऐकलं. वन रूम किचन भाड्याने बघायला गेलो होतो. घरमालक सज्जन. आवाज मऊ. समोर पाण्याचा ग्लास ठेवलेला. मी म्हटलं, काका, क्लासच बघत असाल तर आपल्याकडे ढिगाने आहेत. बी.एस्सी. फर्स्ट क्लास. लोकलचा पास फर्स्ट क्लास, कल्याण ते ठाणे. सरकारी नोकरी, क्लास थ्री, पगार एक तारखेला. डिपॉझिट रोख.

काका हसले. म्हणाले, “तसं नाही हो. आडनाव काय म्हणालात?”

आडनाव सांगितलं. तेव्हा काकांना आठवलं की जागा पुतण्यासाठी ठेवायची आहे. पुतण्या पुण्याहून येणार आहे. कधी ते नक्की नाही, पण येणार आहे.

खाली उतरलो. शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण तो शब्द डोक्यात फिरत राहिला, चपलेत खडा जावा तसा. कल्याण लोकल पकडली. ठाकुर्ली गेलं, कल्याण आलं, वालधुनीला अशोकनगरच्या गल्लीत पोचलो तरी तो खडा टोचतच होता. क्लास म्हणजे काय रे भाऊ? चार फर्स्ट क्लास खिशात असलेला माणूस काकांच्या क्लासमध्ये का बसत नाही?

दोस्तांनो, हा लेख त्या काकांवर लिहीत नाही. असे काका ठाण्यापासून कल्याणपर्यंत गल्लीगल्लीत मिळतात, आणि त्यांच्यावर शाई खर्चायला आपली शाई काही फुकट येत नाही. हा लेख त्या शब्दावर आहे. कारण तो काकांच्या तोंडात आहे, प्रोफेसरांच्या तोंडात आहे, कॉम्रेडांच्या तोंडात आहे, आणि साला, आपल्याही तोंडात आहे.

०००

आपल्या भागात हा शब्द रुळावरून आला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. गाडीबरोबर डब्यांचे क्लास आले. पुस्तकांत लिहितात की रेल्वेने शिवाशीव मोडली, थर्ड क्लासच्या बाकावर भटाला महाराशेजारी मांडी घालावी लागली. खोटं नाही ते. तिकिटावर आडनाव छापत नव्हते. पैसे मोजा आणि चढा. ज्यांच्या बापजाद्यांच्या गळ्यात थुंकायला मडकं होतं, त्यांना ते पुठ्ठ्याचं तिकीट म्हणजे केवढी मोठी गोष्ट! क्लास या शब्दाचा हा चांगुलपणा मी नाकारणार नाही.

पण हे झालं गाडीच्या आतलं. गाडीच्या खाली काय चाललं होतं?

माझा पणजा जीआयपी रेल्वेत गँगमन. आजाही गँगमन. जीआयपीत लागला, १९५१ साली कंपनीचं नाव जाऊन सेंट्रल रेल्वे झालं, आणि त्याच पहारीने तीच खडी ठोकत कसाऱ्याच्या लाइनीवर रिटायर झाला. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपीच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेबांनी तिथे रोकडा हिशेब मांडला. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरही करत नाहीत. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरला घरच्या कामालाही राबवतो, आणि अस्पृश्य पोर्टर घरात कसा चालेल? म्हणजे बघा, एकाच रुळावर दोन कायदे. तिकीट काढणाऱ्याला क्लास, रूळ ठोकणाऱ्याला जात.

पुढे १९७४ साली रेल्वेने थर्ड क्लास बंद केला. बंद केला म्हणजे त्याला सेकंड म्हटलं. एका फटक्यात देशातली थर्ड क्लासची माणसं गायब! डबा तोच, लाकडी फळी तीच. ती फळी पुढे जराशी मऊ झाली ती मधु दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाल्यावर. लांबच्या गाड्यांत सेकंड क्लासच्या फळ्यांवर फोम आला. त्या माणसाला सलाम. नाव बदलणारे पुष्कळ, फळी बदलणारे थोडे.

आता लोकलमध्ये एसी आलाय. मध्य रेल्वेवर २०२० पासून. साधी लोकल काढून तिच्या जागी एसी लोकल घुसडली म्हणून २०२२ च्या ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूरची माणसं स्टेशनात आंदोलनाला उतरली. बरोबर उतरली. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या आणि दाराला लटकलेली माणसं खाली पडून मेली. लटकणाऱ्यांचा क्लास कुठला ते सांगायला नको. दार बंद होणाऱ्या गाडीत कुणी लटकत नाही.

०००

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

बाप कल्याणच्या लोको शेडमध्ये खलाशी. क्लास फोर. रेल्वेत पाससुद्धा हुद्द्याप्रमाणे मिळतो, त्यामुळे गावाला जाताना आम्ही कायम सेकंड क्लास. मी नोकरीला लागलो, पहिला पगार झाला, फर्स्ट क्लासचा पास काढला. रिटायर झालेल्या बापाला ठाण्याला डोळे दाखवायला न्यायचं होतं. त्याचंही फर्स्ट क्लासचं तिकीट काढलं. मनात म्हटलं, बुढ्ढ्याला आज गादीवर बसवतो.

कल्याणला चढलो. मला सीट मिळाली. बाप दाराजवळ उभा राहिला. जुनी खाकी पँट, हातात कापडी पिशवी, पिशवीत केसपेपर. माझ्या शेजारी ऑफिसातले दोघं. गाडी सुटली आणि एकजण बापाला म्हणाला, “चाचा, ये फर्स्ट क्लास है।” रोज कुणी ना कुणी कुणाला तरी म्हणतो तेच वाक्य. बापाने माझ्याकडे बघितलं नाही. वाद घातला नाही. डोंबिवली आली तसा उतरला आणि मागच्या सेकंड क्लासच्या गर्दीत शिरला.

त्याचं तिकीट माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

मी उठलो नाही. “ते माझे वडील आहेत” असं म्हणालो नाही. ठाण्यापर्यंत मोबाइल बघत बसलो. शेजारचा विचारत होता, अरे कुठून शर्ट घेतलास, एकदम क्लास आहे.

त्या दिवशी मला कळलं की हा शब्द डोंबिवलीच्या काकांच्या घरात राहतो तसा माझ्या शर्टाच्या आतही राहतो.

०००

‘एकदम क्लास!’ यातला क्लास कुठून आला माहीत आहे का? पार रोमहून. रोमचा जुना राजा सर्व्हियस तुल्लियस. त्याने म्हणे लोकांची मालमत्ता मोजली आणि त्याप्रमाणे पायऱ्या पाडल्या. त्या पायऱ्यांना नाव ‘क्लासिस’. सगळ्यात वरच्या पायरीवरचा तो ‘क्लासिकस’. ज्याच्याकडे द्यायला पोरांशिवाय काहीच नाही तो ‘प्रोलेटेरियस’. पुढे दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस नावाच्या गृहस्थाने हेच माप लेखकांना लावलं: अमका लेखक क्लासिकस आहे, प्रोलेटेरियस नाही. म्हणजे ‘क्लासिक’ साहित्य हा शब्द मुळात सातबाऱ्यावरून आलाय! आपल्या कवितेला ‘क्लास नाही’ म्हणणाऱ्या समीक्षकांनो, तुमच्या शब्दाचा जन्मदाखला हा असा आहे. तलाठ्याच्या दप्तरात सापडला.

आणि याच शब्दाला मराठीत आणताना आपल्या विद्वानांनी काय केलं? ‘अभिजात’. रोममध्ये निदान मालमत्ता मोजत होते. मालमत्ता येते-जाते. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. शब्दातच जात, आणि तीही जन्माची. इंग्रजी क्लास सीमा ओलांडून मराठीत शिरला आणि उंबऱ्यावरच त्याची जात झाली!

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद आहे. भाषा आपलीही आहे. पण तिचं हे जुनेपण उभं आहे ते प्राकृताच्या खांद्यावर. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत जाऊन या. कल्याण बंदरातल्या व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी भिक्खूसंघाला दिलेली दानं तिथे दगडात कोरलीत, ब्राह्मी अक्षरांत, प्राकृत भाषेत. कुळाचा तोरा न मिरवणाऱ्या धम्माच्या दारात लिहिलेली भाषा, आणि तिच्या लेकीच्या गळ्यात आज पाटी कुलीनतेची! काकांचा पुतण्या कुठे कुठे राहायला येतो बघा.

०००

शाळेत माझ्या नावापुढे लाल शाईने बी.सी. लिहिलेलं असायचं. बॅकवर्ड क्लास. सरकार जात विचारतं आणि कागदावर क्लास लिहितं, याचं मला लहानपणी नवल वाटायचं. आईला म्हटलं, सगळे शिकवणीला जातात, मलाही क्लास लावायचाय. ती डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करायची. तिने पैसे साठवले. क्लासच्या सरांनी फॉर्म बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, तुला क्लासची काय गरज, तुला क्लास आहेच की! पोरं हसली. मीही हसलो. विनोद कळायला बरीच वर्षं गेली.

त्या बी.सी.चा इतिहास सांगतो. इंग्रजांच्या दफ्तरात आपण ‘डिप्रेस्ड क्लासेस’ होतो. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ ला मिशन काढलं ते याच नावाने. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात पुणे करार झाला तो याच नावावर. मग १९३५ चा कायदा आला आणि आपण ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ झालो. काल क्लास, आज कास्ट. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम १६(४) मध्ये पुन्हा ‘मागास वर्ग’. तेव्हापासून कोर्टात एकच कुस्ती: वर्ग म्हणजे जात का? १६ नोव्हेंबर १९९२ ला मंडल खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाच्या बहुमताने सांगितलं की या देशात जातही वर्ग ठरू शकते. २००४ साली कोर्ट म्हणालं, अनुसूचित जाती हा एकजिनसी वर्ग आहे, तो फोडता येणार नाही. १ ऑगस्ट २०२४ ला सात जणांचं पीठ बहुमताने म्हणालं, एकजिनसी नाही, आत आणखी वर्ग पाडता येतील. त्यावर आपल्या वस्त्यांत अजून भांडणं चालू आहेत. ती भांडू, सवडीने आणि एकमेकांची गचांडी न धरता. इथे एवढंच ध्यानात घ्या की या एका शब्दाचा अर्थ कसा लावायचा यावर कुणाच्या पोराला कॉलेजची सीट मिळणार आणि कुणाच्या नाही हे ठरतं. शब्दांचा कीस काढणं हे रिकामटेकड्यांचं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ॲडमिशनच्या रांगेत उभं राहून बघावं.

०००

आता कॉम्रेडांकडे येतो. त्यांच्याशी भांडण जुनं आणि घरचं आहे, म्हणून जोरात.

कॉम्रेड म्हणतात, जात हे वरचं टरफल, खरा दाणा वर्ग. वर्गलढा जिंका, जात गळून पडेल. कॉम्रेड, मुंबईच्या गिरण्यांत लाल बावटा फडकत होता तेव्हा विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. पगार तिथे जास्त. पण धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हता. दोघांचा मालक एक, भोंगा एक, वर्ग एक. मधे थुंकीएवढी जागा, तीत सगळी मनुस्मृती.

आजचं बोला. २०१९ च्या मे महिन्यात ठाण्यात ढोकाळीला एका हाउसिंग सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत तीन कामगार गुदमरून मेले. १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा आहे, तरी माणूस टाकीत उतरतोच. तो का उतरतो विचारलं की काका म्हणतात गरिबी, आणि कॉम्रेडही म्हणतात गरिबी. बरं. मग देशातले सगळे गरीब आळीपाळीने उतरायला हवे होते. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या ३८ हजार कामगारांची नोंद झाली. २०२४ साली बाहेर आलेला आकडा असा: त्यांतले ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे. २०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जाती १६.६ टक्के. तो गरीब आहे हे क्लास सांगतो. इतक्या गरिबांतून नेमका तोच टाकीत का, हे सांगताना क्लासची दातखीळ बसते.

आणि आमच्या बापाच्या क्लास फोरचं काय झालं? केंद्राने १९७० च्या दशकातच क्लास वन ते फोरची नावं गट अ, ब, क, ड अशी केली. सहाव्या वेतन आयोगानंतर गट ड क मध्ये मिसळून टाकला. कागदावर सगळे वर चढले, आणि खालची कामं ठेकेदाराकडे गेली. झाडू तोच, हात तेच, फक्त पेन्शन गेली, पीएफचा पत्ता नाही. क्लास फोरला निदान क्लास तरी होता. ठेक्यावरच्या माणसाला तोही नाही. इथे मात्र कॉम्रेडचं बरोबर आहे, आणि आपल्यातले जे ‘वर्ग’ शब्द ऐकला की कानात बोटं घालतात त्यांचं चूक. ठेकेदार आपल्याच जातीचा निघाला, गाडीवर निळा झेंडा लावून आला, तरी पगार कापतोच ना?

१९७४ साली याच शब्दावरून पँथर फुटली. एकीकडे बुद्ध, एकीकडे मार्क्स. एकीकडे ढाले, एकीकडे ढसाळ. माझा जन्मही नव्हता, पण वस्तीतली जुनी माणसं अजून त्या फुटीबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, घरातल्या मयताबद्दल बोलावं तसा. आणि गंमत बघा, १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोण? अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया. दोन्ही एकाच व्याख्येत बसवलेले होते. त्याच्याही आधी मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेब सांगून गेले होते: आपले दुश्मन दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन म्हणजे दोन. एकाला मारायला निघताना दुसऱ्याच्या घरी चहा प्यायचा नाही.

०००

मग या शब्दाचं करायचं काय? टाकून द्यायचा? छे. टाकला तर काका तो उचलून तिजोरीत ठेवतील.

१९१६ साली, पंचवीस वर्षांचा एक तरुण कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचत होता. त्यात त्याने सांगितलं की जात म्हणजे दार लावून घेतलेला वर्ग. शंभर वर्षांवर झाली, यापेक्षा चांगली कसोटी कुणी दिली नाही. कुणी क्लास म्हटला की त्याला विचारा: दार उघडं आहे का? पैसे, शिक्षण, मेहनत यांनी आत येता येतं का? येत असेल तर तो क्लास, आणि त्याच्या अन्यायाशी आपण युनियन करून लढू. येत नसेल तर ती जात, तिला क्लास म्हणणारा थापाड्या, आणि त्याच्या तोंडून खरा शब्द वदवून घेतल्याशिवाय हलायचं नाही. मी काकांसमोर हे विचारायला हवं होतं. त्यांना शरम वाटली असती असं नाही, पण वाक्य पुन्हा म्हणताना जीभ अडखळली असती. तेवढीही कमाई आहे.

पण कसोटी बाहेरच्यांनाच लावून चालणार नाही. वस्तीतून निघून फ्लॅटमध्ये गेलेला आपला दोस्त पोराला सांगतो, त्या पोरांत खेळू नकोस, लो क्लास आहेत. पत्ता विचारला की वालधुनी न म्हणता नुसतं ‘कल्याण’ म्हणतो. त्यालाही विचारा, दार कुणी लावलं रे? तो म्हणजे मी. तो म्हणजे हा अंक हातात धरून लोकलच्या गादीवर बसलेले तुम्ही.

बापाशी त्या दिवसाबद्दल मी कधी बोललो नव्हतो. डोंबिवलीहून हात हलवत परत आलो त्या रात्री बोललो. काकांचं सांगितलं, क्लासचं सांगितलं, रोमचंसुद्धा सांगितलं. बाप ऐकत होता. शेवटी लोकलचं काढलं. म्हटलं, त्या माणसाला मी दोन शब्द सुनवायला हवे होते.

बाप म्हणाला, “त्याला काय सुनवायचं? तो रोज कुणाला ना कुणाला म्हणत असंल. मी डोंबिवलीला उतरलो तवा तू का नाय उतरलास?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तुमच्याकडे असेल तर लिहून पाठवा. नसेल तर उद्या सकाळी गाडीत कुणी कुणाला ‘ये फर्स्ट क्लास है’ म्हणालं, की सीट सोडून उभे राहा.

जय भीम.